चाकणची ऑफर आली आहे, लातूर सोडावं का?

प्रश्न माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा आहे. वय ३१, ट्रेड फिटर, राहायला औसा तालुक्यातलं गाव. मे २०२१ पासून लातूरच्या एमआयडीसीत एका तेलगिरणीत मेंटेनन्सला आहे. ग्रॉस १९,०००, हातात १७,१५०. चाकणच्या एका कंपनीनं, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या, महिन्याला ३१,००० सीटीसीची (कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाची) ऑफर दिली आहे आणि १ फेब्रुवारीला हजर व्हायला सांगितलंय. घरी आई-आबा, पाच एकर कोरडवाहू, बायको गावातच शिवणकाम करते, साडेचार वर्षांची लेक. बहिणीचं लग्न झालेलं, भाऊ नाही. सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत सोयाबीन पाण्यात गेलं. त्यानं लिहिलंय, "सर, मित्र म्हणतात पुण्याला आल्याशिवाय आयुष्यात काही होत नाही. आबा म्हणतात तुझं तू बघ. जावं का?"

मी अठ्ठावीस वर्षं आयटीआयमध्ये निदेशक होतो, शेवटची बारा वर्षं भरती मेळावे आणि प्लेसमेंट माझ्याकडं होतं. वाळूज, चाकण, भोसरी, रांजणगाव इथं पोरं पाठवली आणि त्यातली बरीच परत आलेलीही पाहिली. त्या अनुभवावरून लिहितो.

आधी आबांचं वाक्य घेतो. "तुझं तू बघ" हे मी कितीतरी बापांच्या तोंडून ऐकलंय, मेळाव्याच्या मांडवात, एसटी स्टँडवर, आमच्या ऑफिसच्या दारात. पोरगं त्याचा अर्थ परवानगी असा घेतं आणि निघतं. बापाला म्हणायचं असतं, "मी तुला अडवणार नाही, पण माझं कसं व्हायचं ते मी विचारणार नाही, तू विचार." हे न विचारता गेलेली पोरंच जास्त करून परत आली. पुण्यानं त्यांना हाकललं नव्हतं. काम जमत होतं, पगार वेळेवर होत होता, आणि मागून फोन आला. बाप पेरणीत पडला, आईचं ऑपरेशन निघालं, बटईदारानं वाटा बुडवला, बायको माहेरी निघून गेली. निलंग्याकडचा एक वेल्डर मला आठवतो. हात इतका चांगला होता की कंपनीनं चौदा महिन्यांत त्याला दोनदा वाढ दिली. जूनमध्ये वडिलांचं कंबरेचं हाड मोडलं. घरी आई एकटी, शेत वाफशावर आलेलं, आणि दवाखान्यात कोण थांबणार हे कधी ठरलंच नव्हतं. आठ दिवसांची रजा संपली, पुढं गैरहजेरी लागली, नोकरी गेली. तो आज गावातच ग्रीलचं काम करतो. काम चांगलं करतो, पण त्याच्या हाताच्या मानानं ते फार कमी आहे, आणि ती बोच मला आहे. कारण मेळाव्यात त्याची निवड झाली तेव्हा मी त्याला पगार विचारला, शिफ्ट विचारली, घरचं एका शब्दानं विचारलं नाही.

तेव्हापासून मी आधी घरचं विचारतो. तुलाही तेच विचारतो. रात्री दोन वाजता आबांची शुगर खाली गेली तर गाडी कोण काढणार? "भावकी आहे" हे उत्तर नाही. एक नाव सांग, त्या माणसाला तसं विचारलंयस का ते सांग, आणि त्याच्या गाडीत पेट्रोल टाकायला आईच्या खात्यावर वेगळे पैसे असतील का ते सांग.

दवाखान्याबद्दल एक गोष्ट तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. आज तुझा ग्रॉस १९,००० आहे म्हणून तू ईएसआयसीत, कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यात, आहेस. दरमहा १४३ रुपये कापले जातात आणि तुझ्यावर अवलंबून असलेले आई-वडीलही त्यात बसतात. ईएसआयसीची मर्यादा २१,००० आहे. चाकणला पहिल्या दिवसापासून तुझा ग्रॉस त्या मर्यादेच्या वर असेल, म्हणजे हे छत्र बहुधा जाईल. कंपनी मेडिक्लेम देईल, पण बहुतेक ठिकाणी तो स्वतः, बायको आणि मुलं एवढ्यापुरताच असतो. आई-वडिलांना घ्यायचं तर वेगळा हप्ता भरावा लागतो, आणि साठीच्या पुढं, त्यात शुगर असेल तर तो हप्ता लहान नसतो. एचआरला हे लेखी विचार. आणि रेशनकार्डावर आई-आबांची नावं आणि आधार नीट जुळलेत का ते याच महिन्यात तपास, कारण मग महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हाच त्यांचा मोठा आधार राहील. वर्षाला कुटुंबामागं ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात. आधारवरचं नाव आणि कार्डावरचं नाव वेगळं निघालं की ऐन अडचणीत धावाधाव होते. ती दुरुस्ती तू इथं असतानाच होऊ दे, नंतर आबा तहसीलच्या पायऱ्या चढत बसतील.

आता पगार. सीटीसी म्हणजे पगार नव्हे हे तुला मेळाव्यात सांगितलं होतं, पण ३१ हा आकडा समोर आला की सगळेच विसरतात. या ३१,००० मध्ये कंपनीच्या वाट्याचा पीएफ धरलेला असणार, मूळ वेतन १५,००० धरलं तर १,८००. ग्रॅच्युइटीची, म्हणजे बरीच वर्षं नोकरी केल्यावर एकरकमी मिळणाऱ्या पैशांची, तरतूद साधारण ७२०. उरला ग्रॉस २८,४८०. त्यातून तुझा पीएफ १,८००, व्यवसाय कर २००, कंपनीची बस आणि कँटीन मिळून हजारभर. हातात पडतील सुमारे २५,५००. आज १७,१५० पडतात. फरक ८,३५० चा. मित्रानं चाकणच्या अलीकडच्या मोशीत वन आरकेचं भाडं ७,५०० सांगितलंय. म्हणजे वाढलेला सगळा पगार घरमालकाला गेला, आणि हातात साडेआठशे राहिले.

त्या साडेआठशेत काय काय बसवायचं? गावात घर स्वतःचं, ज्वारी घरची, डाळ घरची, दुभतं असेल तर दूध घरचं. तिथं पाण्याच्या बाटलीपासून कोथिंबिरीपर्यंत सगळं विकत. लाइटबिल, गॅस, लेकीची शाळा, गावाकडं येण्याजाण्याचं भाडं, आणि आई-आबांना महिन्याला काहीतरी पाठवणं. शिवाय सूनबाई गावात ब्लाऊज शिवून महिन्याला दोन-तीन हजार मिळवते असं तू मागं बोलला होतास. ते बंद होतील. शिवणाऱ्या बाईची गिऱ्हाइकं मशीनसोबत टेम्पोत येत नाहीत, नव्या जागी ती जमायला वर्ष लागतं. फेब्रुवारीत तू कुटुंब घेऊन गेलास तर पहिलं वर्षभर तुझं घर आजच्यापेक्षा मागं राहील. आज महिन्याला तीन-चार हजार शिल्लक पडतात असं धरलं, तर तेही पडणार नाहीत. तिथं चाळिशीच्या पोरांकडं बघ, भिशी, मोबाइलवरचं कर्ज आणि गाडीचा हप्ता यांत अडकलेले दिसतील. त्यातल्या बऱ्याच जणांचं पहिलं वर्ष असंच गेलं होतं.

मग जायचंच कशाला? हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तू पगारासाठी जात असशील तर नको जाऊस. मशीनसाठी जात असशील तर जा.

तेलगिरणीत तू काय काम करतोस ते मला माहीत आहे. एक्स्पेलर, कन्व्हेयर, गिअरबॉक्स, बेअरिंग, पंप, बॉयलरची लाइन. चांगलं काम आहे, पण पाच वर्षांत तू ते शिकून संपवलंस. पुढची दहा वर्षं तेच करशील आणि पगार तीस-बत्तीस हजारांवर येऊन थांबेल, कारण लातुरात डाळमिल, तेलगिरणी आणि साखर कारखाना सोडून तुझ्या हाताला दुसरं गिऱ्हाईक थोडं आहे. चाकणला तुला सीएनसी आणि व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनची देखभाल मिळाली, हायड्रॉलिक प्रेस मिळाली, पीएलसीचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा, दोष शोधायला मिळाला, रोबो बंद पडल्यावर पाना घेऊन तुला बोलावलं गेलं, तर तीन वर्षांनी तू वेगळाच माणूस असशील. तेव्हा तुझी किंमत चाकणलाही वाढलेली असेल, वाळूजलाही, आणि बिडकीनलाही. टोयोटा किर्लोस्करनं जुलै २०२४मध्ये राज्य सरकारशी करार केला तो संभाजीनगरजवळच्या बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीसाठीच. असे कारखाने उभे राहतात तेव्हा त्यांना चाकणमध्ये हात बसलेला, मराठवाड्यात परत यायला तयार असलेला मेंटेनन्सचा माणूसच हवा असतो. लातूरच्या रेल्वे कोच कारखान्याबद्दलही लोक तुला म्हणतील, थांब, भरती निघेल. भरती निघाली तर अर्ज जरूर कर, चाकणहूनही करता येतो. पण भरतीच्या वाटेवर वय घालवू नकोस.

म्हणून ऑफर लेटरमध्ये पगाराच्या आकड्याआधी पदनाम वाच. "मेंटेनन्स फिटर" किंवा "टेक्निशियन, मेंटेनन्स" लिहिलंय, की "ऑपरेटर" की "असोसिएट"? ऑपरेटर म्हणून घेतलं तर तू आठ तास एकाच मशीनवर जॉब लावायचास आणि काढायचास, तुझा ट्रेड सहा महिन्यांत विसरशील. दुसरं, लेटर कंपनीचं आहे की ठेकेदाराचं? ठेकेदाराच्या रोलवर असशील तर मंदीत पहिला तू बाहेर. तिसरं, "ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह" असं भारदस्त नाव दिलं असेल तर खूश होऊ नकोस. कारखान्याच्या कायद्यात कामगाराला जादा तासांचा दुप्पट दर मिळतो. पदनाम आणि काम सुपरवायझरचं दाखवलं की पुष्कळ ठिकाणी तो दर द्यायचं टाळतात, आणि मेंटेनन्सच्या माणसाला रात्री-बेरात्री थांबावं तर लागतंच. तुझ्या ग्रॉसवर दुप्पट दर तासाला २७० च्या पुढं जातो. महिन्याला तीस तास झाले तरी आठ हजार. म्हणजे नुसतं पदनाम बदललं तर घरभाड्याएवढे पैसे हातातून जातात.

हे तिन्ही प्रश्न विचारायची लाज वाटू देऊ नकोस. आपल्याकडच्या पोरांना एचआरपुढं प्रश्न विचारायचा संकोच वाटतो, ऑफर हातून जाईल असं वाटतं. मी एवढ्या वर्षांत प्रश्न विचारल्यामुळं ऑफर गेलेली एकदाही पाहिली नाही.

आता तारखेकडं ये. १ फेब्रुवारीला जायचं कारण कंपनीला घाई आहे हे. तुझ्या बाजूनं ते कारण नाही. तू मे २०२१मध्ये लागलास. मेच्या पहिल्या आठवड्यात तुझी पाच वर्षं पूर्ण होतात आणि ग्रॅच्युइटीचा हक्क लागू होतो. हिशोब सोपा आहे: शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. तुझ्या पीएफच्या कपातीवरून मूळ वेतन १२,५०० दिसतं, म्हणजे जवळपास ३६,००० रुपये. मोशीचं डिपॉझिट, टेम्पोचं भाडं आणि पहिल्या महिन्याचा किराणा त्यात निघतो. हे पैसे तू तीन महिन्यांच्या घाईपायी सोडायला निघाला होतास. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी हक्क लागतो असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे, पण त्यावर मालक वाद घालतात आणि तुला वादात पडायचं नाही. पाच वर्षं पूर्ण कर, मग राजीनामा दे. चाकणच्या कंपनीला सांग, मेच्या दुसऱ्या आठवड्यात हजर होतो. नाही म्हणाले तर? चाकणला मेंटेनन्स फिटरची गरज तीन महिन्यांत संपत नाही. ही ऑफर गेली तर दुसरी येईल, आणि दुसरी आणायला मी तुझ्यासोबत बसेन.

पीएफ काढू नकोस. नोकरी सोडताना सगळे काढतात, कुणी सोफा घेतो, कुणी मोटारसायकल. तुझी आधीच्या ठिकाणची दोन वर्षं आणि इथली पाच अशी सात वर्षं सदस्यता आहे. दहा वर्षं झाली की अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शनचा हक्क मिळतो. आता काढलास तर मोजणी पुन्हा शून्यापासून. तोच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) नव्या कंपनीला दे आणि जुन्या कंपनीकडून पोर्टलवर बाहेर पडल्याची तारीख टाकून घे. ती राहिली की पैसे लटकतात. कंपनीनं नाहीच टाकली तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती पोर्टलवर तुला स्वतःलाही टाकता येते.

घाईबद्दल आणखी थोडं, कारण यंदा मला असे फोन खूप आले. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली होती, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर पाणी घेऊन. त्या उन्हाळ्यात माझ्याकडं पोरांची रांग लागली होती, सर, कुठंही पाठवा, पण पाठवा. मी पाठवली. त्यांत न विचार करता गेलेली खूप होती आणि पाऊस चांगला झाल्यावर तितकीच न विचार करता परत आली. २०२५च्या पावसानं उलट्या बाजूनं तेच केलं. सोयाबीन पाण्यात सडलं, माती वाहून गेली, आणि दिवाळीनंतर फोन सुरू झाले. बीडकडची माणसं ऊसतोडीला जातात तेव्हा मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच खर्च झालेली असते, म्हणून जावंच लागतं. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की ती घरी येतात. शहराला जाणाऱ्याच्या अंगावर उचल नसते, त्याला निवड करता येते. पण वाईट खरीप गेल्यावर आपण मनानं उचल घेतल्यासारखं वागतो, कुणीतरी ओढतंय म्हणून निघतो. तुझ्या अंगावर उचल नाही. तुझी नोकरी चालू आहे, पगार येतोय. तुला थांबून ठरवता येतं, आणि तुझ्या जागी असलेल्या शंभरातल्या पुष्कळांना ते करता येत नाही.

माझं मत असं आहे. पदनाम मेंटेनन्सचं आणि लेटर कंपनीचं असेल तर जा. मेमध्ये जा. एकटा जा. दिवाळीपर्यंत.

एकटा असताना हिशोब वेगळा होतो. कॉट बेसिसवर, खोलीत फक्त खाटेचं भाडं देऊन, राहून मेस लावलीस तर साडेसहा हजार धरू, वरखर्च आणि गावाकडच्या फेऱ्या मिळून साडेतीन हजार. हातात पंधरा-साडेपंधरा हजार उरतात. इथलं तुझं रोजचं वीस-वीस किलोमीटरचं जाणं-येणं थांबल्यामुळं पेट्रोलचे दोन हजार वाचतात. घराला दहा-अकरा हजार लागले तरी आजच्यापेक्षा थोडी जास्तच शिल्लक पडेल, आणि जादा तास मिळाले तर बरंच जास्त. आणि सूनबाईची मशीन चालू राहील, लेक अंगणवाडीत राहील, पेरणीला आबांजवळ घरात माणसं असतील.

या सहा महिन्यांत एक वही ठेव. दर महिन्याला तीन गोष्टी लिही: किती शिल्लक पडली, जादा तास किती झाले, आणि या महिन्यात कोणती नवी मशीन उघडली. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. दिवाळीला घरी येशील तेव्हा ती वही आबांपुढं आणि सूनबाईपुढं ठेव. तिसरा रकाना सहा महिने रिकामा असेल तर परत फिरायचं, मग पगार कितीही बरा असो. हे आत्ताच घरात बोलून ठेव. आधी ठरवलेलं परत येणं आणि हरून परत येणं यांत गावाच्या नजरेत फार फरक असतो. निम्मी पोरं केवळ त्या नजरेला घाबरून तिथं कुढत राहतात.

संभाजीनगरजवळच्या वाळूजचा विचार केलास का? तू विचारलेलं नाहीस, पण मी सुचवतो. चाकणचं पदनाम चुकीचं निघालं तर संभाजीनगरकडं अर्ज कर. लातूरहून ते पुण्यापेक्षा जवळ पडतं, भाडं कमी, आणि इंडो जर्मन टूल रूम तिथंच आहे, नोकरी सांभाळून पीएलसी आणि सीएनसीचे छोटे कोर्स करता येतात. रेणापूरकडचा एक मुलगा आधी तीन वर्षं वाळूजला राहिला, तिथं कोर्स केला, आणि मग पुण्याला आजच्या तुझ्या ऑफरच्या दीडपट पगारावर गेला. मोठं शहर एका उडीतच गाठलं पाहिजे असं नाही.

शेताचं म्हणशील, तर आबांकडून पाच एकर होणार नाही हे तुला आणि त्यांना दोघांनाही माहीत आहे, फक्त कुणी बोलत नाही. गुढीपाडव्याला बटईचे व्यवहार ठरतात, तेव्हा तू इथंच असशील. तीन एकर बटईनं द्या आणि घराजवळचे दोन आबांकडं राहू द्या. सगळं काढून घेतलं तर माणूस बसून खचतो. बटई भावकीत असली तरी कागदावर लिहा: बियाणं-खत कुणाचं, वाटा किती, पीक विम्याचे आणि नुकसान भरपाईचे पैसे कुणाचे. गेल्या वर्षीच्या भरपाईवरून किती घरांत अबोला धरलाय ते तू पाहिलंयस. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, शेतात उभं राहूनच करावी लागते, चाकणहून होत नाही. ती आबांच्या मोबाइलवर कोण करून देणार हेही ठरव. आणि जमीन विकून पुण्याकडं गुंठा घ्यायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. नोटरीच्या कागदावर घेतलेल्या गुंठ्यानं मालकी मिळत नाही, आणि ती फसवणूक झालेली माणसं मी आपल्या तालुक्यातलीच पाहिली आहेत.

सूनबाईचं मत तू कुठंच लिहिलेलं नाहीस. मित्रांचं लिहिलंस, आबांचं लिहिलंस. शहरात तू बारा तास बाहेर असशील आणि त्या एका खोलीत ती असेल. गावात तिच्या मशीनभोवती दिवसभर चार बाया बसलेल्या असतात. मोशीत जिन्यातलं दार लावलं की संध्याकाळपर्यंत कुणी हाक मारणारं नाही. ज्या बाईला आधी विचारलं, आणून जागा दाखवली, ती तिथं वर्षभरात रुळते आणि पुष्कळदा नवऱ्यापेक्षा जास्त कमावायला लागते. ज्या बाईला सामानाबरोबर नेलं, तिचं मन रुळायला फार वेळ लागतो. तू मेमध्ये गेलास की पंधरा दिवस उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला आणि लेकीला तिकडं बोलव. खोली बघू दे, भाजी आणू दे, टँकर किती वाजता येतो ते बघू दे. मग विचार.

दिवाळीनंतर सगळ्यांनी जायचं ठरलं तर भाडेकरार नोंदणीकृतच कर. घरमालक म्हणेल, स्टॅम्पवर लिहून देतो, कशाला खर्च. नोंदणी करणं कायद्यानं त्याचीच जबाबदारी आहे, आणि तुला त्या कागदाची गरज त्याच्यापेक्षा जास्त आहे. लेक जून २०२७मध्ये पहिलीला जाईल. आरटीईच्या, म्हणजे खासगी शाळेतल्या मोफत, जागेसाठी अर्ज करायचा तर भाड्याच्या पत्त्याला नोंदणीकृत करारच लागतो, आणि तो अर्जाच्या आधीचा असावा लागतो. म्हणून दिवाळीची तारीख मी सहज म्हटलेली नाही. रेशनची काळजी करू नकोस, आधारच्या अंगठ्यावर धान्य तिकडच्या दुकानातही मिळतं, आणि तुमच्या वाट्याचं तिकडं, आई-आबांचं इकडं असं विभागूनही घेता येतं.

आणखी एक. तिकडं गेल्यावर तोंडातून आपल्या लातूरकडचं "काय करूलालाव" निघालं की कुणीतरी हसेल. लेकीला शाळेत हसतील. माझ्या पोरांपैकी काही जण त्या हसण्यानं इतके आक्रसले की मीटिंगमध्ये बोलणंच बंद केलं, आणि न बोलणाऱ्याला बढती मिळत नाही. तू तुझ्याच बोलीत बोल, फक्त बोल. मशीन का बंद पडली हे जो सांगू शकतो त्याच्या बोलीला कारखान्यात कुणी हसत नाही. आणि दरवर्षी येळवसेला (वेळा अमावास्येला) लेकीला शेतात आण. दिवाळीची गर्दी आणि तिकिटाची मारामारी एक वेळ सोड, पण भज्जी-आंबिलीचा तो दिवस सोडू नकोस. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, मुंबईहून पुण्यामार्गे येणारी रात्रीची गाडी सकाळी लातुरात सोडते. ट्रॅव्हल्सनं यायची वेळ आली तर लक्षात ठेव, एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घ्यायला त्यांना परवानगी नाही.

येत्या रविवारी घरी ये. ऑफर लेटरची झेरॉक्स, आताची पगाराची स्लिप आणि रेशनकार्ड घेऊन ये. आबांनाही आण, आणि सूनबाईला नक्की आण, तिच्याशी मला वेगळं बोलायचं आहे. कंपनीला मेची तारीख मागणारं पत्र आपण तिथंच बसून लिहू.